निर्गमांक, अनपेक्षित
युनिक्स-परंपरेतील शेलमध्ये कोणतीही आज्ञा संपताना आपल्या जनक प्रक्रियेकडे जो अंक रुजू करते, त्यास निर्गमांक किंवा एक्झिट स्टेटस म्हणतात. शून्य म्हणजे कार्यसिद्धी व शून्येतर म्हणजे कसूर, हा सर्वसाधारण दंडक असला, तरी शून्येतर अंकांचा अर्थ ठरविण्याची मुखत्यारी बव्हंशी ज्या त्या आज्ञेकडेच असल्यामुळे नवख्याची फसगत होते. ग्रेप ही शोध-आज्ञा मजकूर न आढळल्यास १ कळविते आणि फाइलच नसल्यास २. यांपैकी पहिल्यास अपराध मानून चालू स्क्रिप्ट बंद पाडणे हा निव्वळ जुलूम होय. १२७ म्हणजे आज्ञा सापडली नाही, १२६ म्हणजे सापडूनही चालविता आली नाही. सिग्नलाने मृत झालेल्या प्रक्रियेच्या बाबतीत बॅश हे शेल त्या सिग्नलाच्या क्रमांकात १२८ मिळविते, म्हणून कंट्रोल-सी दाबल्यावर बहुधा १३० दिसतो. सर्वांत कपटी प्रकार मात्र आठ बिटांच्या मर्यादेतून उद्भवतो : ० ते २५५ एवढाच अवकाश असल्याने ‘एक्झिट २५६’ लिहिणाऱ्याच्या पदरी शून्य, म्हणजे चक्क यशाचा दाखला पडतो. पाइपने जोडलेल्या आज्ञांत शेवटचीचाच अंक ग्राह्य धरला जातो, आणि आधीच्यांची कसूर, बॅशमधील ‘पाइपफेल’ हा पर्याय चालू केल्यावाचून, दफ्तरी दाखल होत नाही.