घरातली पाल विषारी असते का?

नाही. पालीच्या अंगात विष नसतं.

मग पाल पडलेलं दूध फेकून का द्यायचं? कारण पालीच्या आतड्यात आणि विष्ठेत साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात. ते पोटात गेले तर उलट्या, जुलाब आणि ताप येऊ शकतो. म्हणून अन्न झाकून ठेवा, ओट्यावरची विष्ठा पुसून काढा आणि हात साबणाने धुवा. त्रास झालाच तर डॉक्टरांकडे जा.

एरवी ट्यूबलाइटजवळची पाल डास, पतंग आणि लहान झुरळं खाते. तिच्यावर कीटकनाशक फवारलंत, तर ते तुमच्या भांड्यांवरही बसतं. त्यापेक्षा फटी बुजवा आणि नको असलेले दिवे बंद करा. किडे कमी झाले की पालीही कमी दिसतील.