तळटीप : ‘सुरक्षा रिले’

* सुरक्षा रिले : यंत्रावर पहारा ठेवणारे छोटे इलेक्ट्रॉनिक सर्किट. आणीबाणीच्या लाल बटणापासून त्याच्याकडे दोन स्वतंत्र जोडण्या येतात. दोन्ही शाबूत असतील तरच मोटर चालते. एक जरी तुटली तरी यंत्र थांबते. रिलेतला संपर्क चिकटला असेल, तर ते पुन्हा सुरूच होत नाही.

बिघाड म्हणजे थांबा, हे तत्त्व आयर्लंडला फार महागात शिकावे लागले. १२ जून १८८९ रोजी आर्माजवळ रविवारच्या धर्मशिक्षण-शाळेतील मुलांच्या सहलीची रेल्वेगाडी चढावर अडली. तिचे दोन भाग केले गेले. निर्वात नळीवरचे ब्रेक असे होते की नळी सुटताच ते निकामी होत. मागचे डबे उतारावरून घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जण दगावले, त्यांत कितीतरी लहान मुले. नळी सुटताच आपोआप लागणारे ब्रेक त्याच वर्षी प्रवासी गाड्यांना कायद्याने सक्तीचे झाले.

रिलेमागचा विचार अगदी हाच आहे. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात कामगारांना सुरक्षित यंत्रे पुरवण्याची जबाबदारी २००५च्या कायद्याने मालकावर टाकली आहे.