तोफ, तिकीट आणि परगांवचा पाहुणा

मोठ्या शहरांत केवळ मौजेसाठीं जावें, चार रात्री नाटक, गाणें, रोषणाई पाहून परत यावें, ही गोष्ट आज इतकी सामान्य झाली आहे कीं, तिलाही कांहीं इतिहास असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परगांवचा मनुष्य शहरांत पूर्वींही येतच असे. परंतु तो न्यायासाठीं, व्यापारासाठीं, देवासाठीं किंवा दक्षिणेसाठीं येई. मौज त्याला ओघानें मिळे, आणि तीही बहुधा दिवसाउजेडीं. शहराची रात्र परक्या माणसास उघडी होणें हा पुढचा टप्पा होय. तो आपल्याकडे कसा आला, हें पुणें व मुंबई या दोन शहरांच्या हकीकतींवरून पाहण्याचा येथें विचार आहे.

पेशवाईंतील पुण्यास बाहेरची माणसें सर्वांत अधिक येत तीं श्रावणमासांत. तळेगांवच्या दाभाड्यांकडे चालत आलेली विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा देण्याची वहिवाट थोरल्या बाजीरावांनीं पुण्यास चालू केली, आणि पुढें पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यांत दूरदूरच्या प्रांतांचे ब्राह्मण जमूं लागले. पाठोपाठ भाद्रपदांत शनिवारवाड्यांतील गणपतीचा उत्सव येई. ऐन पावसाळ्यांत शहर पाहुण्यांनीं असें गजबजून जाई. परंतु हा गजबजाट रात्रीच्या तोफेबरोबर थांबे. तोफ झाल्यावर जो रस्त्यावर सांपडेल त्यास कोतवालाचे गस्तवाले धरून चावडीवर नेत. मोठ्या शहराच्या बंदोबस्तास असा नियम अगदींच गैर होता असें म्हणतां येणार नाहीं. दोष होता तो निराळाच. गांवच्या माणसास ओळख देणारा कोणी तरी असे. दूरदेशाहून आलेल्या, भाषाही धड न येणाऱ्या माणसास तो कोठून मिळावा?

या प्रश्नाचें उत्तर १७९१ सालच्या ऑगस्ट महिन्यांत मिळालें. सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत घाशीराम सावळदास हा पुण्याचा कोतवाल होता. दक्षिणेसाठीं आलेले कांहीं तैलंगी ब्राह्मण त्याच्या बागेंत शिरले, या कारणावरून त्यांस पकडून एका लहानशा कोठडींत कोंडण्यांत आलें, आणि त्यांतील कित्येक गुदमरून मेले. हें कळतांच शहर खवळलें. नाना फडणविसांस कोतवालास ब्राह्मणांच्या स्वाधीन करावें लागलें, आणि जमावानें त्याचा दगडांनीं ठेंचून जीव घेतला. ही कथा कोतवालाच्या जुलमाची म्हणून सर्वांस ठाऊक आहे. ती उत्सवासाठीं शहरांत आलेल्या पाहुण्यांचीही कथा आहे, याकडे मात्र लक्ष जात नाहीं. दिवसां ज्या ब्राह्मणास सरकार हात जोडून दक्षिणा देई, तोच रात्रीं संशयित ठरे. दिवसाचें शहर दात्याचें होतें, रात्रीचें कोतवालाचें.

यानंतर बासष्ट वर्षांनीं मुंबईंत जें घडलें त्याचें मूळ सांगलीस आहे. १८४३ सालीं सांगलीचे अधिपति चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानें विष्णुदास भाव्यांनीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें. हें नाटक दरबाराचें होतें. राजा बोलावील त्यानें तें पाहावें. १८५१ सालीं चिंतामणराव वारले आणि हा आश्रय तुटला. मंडळी जगवावयाची तर गांवोगांव हिंडून पैसे देणारा प्रेक्षक शोधणें प्राप्त झालें. मार्च १८५३ मध्यें भाव्यांनीं मुंबईच्या ग्रँट रोडवरील थिएटरांत आपले खेळ केले. राजाच्या बोलावण्याची जागा अशा रीतीनें तिकिटानें घेतली.

त्याच वर्षीं १६ एप्रिल रोजीं बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत एकवीस मैलांवर पहिली आगगाडी धांवली. या दोन गोष्टी एकाच वसंतांत घडल्या हा योगायोग खरा. पण दोहोंच्या मागें एकाच गृहस्थाचा हात होता. नाना शंकरशेट यांनीं ग्रँट रोडच्या थिएटरास जागा दिली होती, आणि रेल्वे कंपनीच्या पहिल्या एतद्देशीय संचालकांतही त्यांची गणना होती. प्रेक्षक बसावयाची जागा आणि त्यास दुरून आणण्याचें साधन, या दोन्ही गोष्टींचें महत्त्व या व्यापारी पुरुषानें ओळखलें होतें. १८६३ सालीं बोरघाटांतून लोहमार्ग पुरा झाला. तोंवर खंडाळ्यास गाडींतून उतरून पालखींत किंवा तट्टावर बसून घाट ओलांडावा लागे. आतां पुण्याहून मुंबई कांहीं तासांवर आली.

राहिला होता तो प्रकाश. नाना जुलै १८६५ मध्यें वारले, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत मुंबईच्या रस्त्यांवर प्रथम ग्यासचे दिवे लागले. दिवे लावणारे एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे जात, आणि त्यांच्या मागोमाग लोकांचे घोळके थक्क होऊन फिरत, असें त्या वेळचें वर्णन आहे. तोफेनें घरांत कोंडलेली माणसें दिव्यामागें रस्त्यावर आलीं! थिएटर, आगगाडी आणि ग्यास या तिहींनीं मिळून शहरांत वर्षांतून एकदां भरणारी जत्रा रोजची करून टाकली.

तिकिटानें सर्वांस सारखें केलें, असें मात्र कोणीं समजूं नये. दरबारांत मान पाहून जागा मिळे, येथें पैसा पाहून मिळूं लागली, एवढाच फरक. तथापि तो लहान नव्हता. पैसे देणाऱ्यास कुळ व गांव विचारण्याची तिकीटविक्यास गरज नव्हती. ओळख देणारा ज्याला कोणी नाहीं त्याचीही आंत बसण्याची सोय झाली. १८९६ च्या जुलैंत वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें दाखविण्यांत आलीं. पुढें तींच नॉव्हेल्टी थिएटरांत गेलीं तेव्हां तिकीट चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत होतें, आणि पडद्यांतील स्त्रियांसाठीं निराळ्या जागा राखल्या होत्या. रात्रीच्या करमणुकीस कुलीन घरच्या स्त्रियांनीं जाणें ज्या काळीं निषिद्ध मानलें जाई, त्या काळीं पडद्याआडून कां होईना, पण ही वाट उघडली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

परंतु उघडलेली रात्र पुन्हा मिटूं शकते. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत मुंबईंत प्लेग आला. लाखों लोक शहर सोडून गेले. आणि ज्या आगगाडीनें मौजेचे प्रवासी आणले, तिच्याच स्टेशनांवर उतारूंस उभें करून त्यांच्या अंगाच्या गांठी तपासूं लागले. परगांवचा मनुष्य पुन्हा संशयित ठरला. कोतवालाच्या जागीं फक्त डॉक्टर आला.

प्लेग ओसरला तशी रात्र परत आली, आणि ती दोन वाटांनीं आली. एक वाट १८९३-९४ पासून सुरू झालेल्या सार्वजनिक गणेशोत्सवाची. येथें तिकीट नाहीं. रस्ता हेंच थिएटर, आणि मेळे व आरास पाहावयास परगांवचा पाहुणाही मोकळा. दुसरी वाट नाटकगृहाची. तिचा मोठा दिवस ८ जुलै १९२१ चा होय. त्या दिवशीं मुंबईच्या बालीवाला थिएटरांत बालगंधर्व व केशवराव भोसले यांनीं टिळक स्वराज्य फंडासाठीं ‘संयुक्त मानापमान’ केलें. एके काळीं राजाच्या घरची असलेली करमणूक त्या दिवशीं राष्ट्रकार्याची वर्गणी झाली होती.

आज तोफेचे दिवस राहिले नाहींत. परंतु रात्रीची सीमा आखण्याची गरज राहिली आहे. २००० सालच्या नियमांनीं रात्रीं दहा ते सकाळीं सहा ध्वनिक्षेपकांस बंदी केली, आणि पुढें सणाच्या मोजक्या दिवशीं मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्यांत आली. २०२० च्या जानेवारींत मुंबईच्या कांहीं भागांत दुकानें व उपाहारगृहें अहोरात्र उघडीं ठेवण्यास सरकारनें संमति दिली. दोनच महिन्यांनीं महामारीनें सारें शहर बंद केलें, आणि बाहेरून येणाऱ्याकडे पुन्हा एकदां संशयानें पाहिलें जाऊं लागलें.

तेव्हां रोषणाई किती झगझगीत आणि खेळ किती वाजेपर्यंत चालतो, यांवरून शहराची थोरवी मोजणें बरोबर नव्हे. पेशव्यांच्या पुण्यांत दक्षिणेच्या राशी होत्या आणि तरीही पाहुणे कोठडींत मेले. ज्या माणसास शहरांत कोणी ओळखत नाहीं, तो खेळ संपल्यावर निर्धास्तपणें आपल्या मुक्कामास पोंचतो कीं नाहीं, हीच शहराच्या रात्रीची खरी कसोटी. बाईमाणूस असो, हातांवर पोट असणारा असो किंवा आपली भाषा न जाणणारा असो, त्यास ‘तूं कोण?’ असें दरडावून विचारण्याऐवजीं ‘तुम्हांस कोठें जावयाचें आहे?’ असें जेथें विचारलें जातें, त्या शहरांत तोफेचें राज्य खरोखर संपलें, असें म्हणावें.