रामनाथन कृष्णन आणि हौशी टेनिसचा काळ

विम्बल्डनच्या पुरुष एकेरीत उपांत्य फेरीपर्यंत पोहोचलेले एकमेव भारतीय टेनिसपटू म्हणजे रामनाथन कृष्णन. १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांनी ही मजल मारली. १९५३ ते १९७५ या काळात ते भारताकडून डेव्हिस चषकाच्या लढती खेळले. त्यांची उमेदीची जवळजवळ सगळी वर्षे १९६८ पूर्वीच्या हौशी टेनिसमध्ये गेली. त्या काळात मोठ्या स्पर्धांना बक्षिसाची रक्कम नसे आणि पैसे घेऊन खेळणाऱ्याला त्या स्पर्धांची दारे बंद असत. कृष्णन यांनी काय मिळवले आणि काय सोडले, याचा हिशोब या व्यवस्थेशिवाय लागत नाही.

कृष्णन यांचा जन्म ११ एप्रिल १९३७ रोजी नागरकोविल येथे झाला. हे गाव तेव्हा त्रावणकोर संस्थानात होते, आज ते तमिळनाडूत आहे. त्यांचे वडील टी. के. रामनाथन हे नागपूरचे जुने, नावाजलेले टेनिसपटू. मुलाला हातात रॅकेट कशी धरायची इथपासून सारे काही त्यांनीच शिकवले. पुढे मद्रासमध्ये शाळेत असतानाच कृष्णन यांना लॉयोला कॉलेजच्या बर्ट्रम स्पर्धेत खास परवानगीने उतरवण्यात आले. ही स्पर्धा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची होती, तरीही ती या शाळकरी मुलाने जिंकली.

१९५३ साली विम्बल्डनच्या मुलांच्या एकेरीत ते अंतिम फेरीत पोहोचले, पण इंग्लंडच्या बिली नाइटकडून हरले. पुढच्याच वर्षी ते पुन्हा अंतिम फेरीत गेले आणि ऑस्ट्रेलियाच्या अॅशली कूपरला ६-२, ७-५ असे हरवून त्यांनी विजेतेपद पटकावले. विम्बल्डनचे हे विजेतेपद मिळवणारे ते पहिले आशियाई खेळाडू. हरलेला प्रतिस्पर्धीही साधासुधा नव्हता. चारच वर्षांनी, १९५८ मध्ये, कूपर विम्बल्डनचा पुरुष विजेता झाला.

भारतात टेनिस इंग्रजांबरोबर आले आणि जिमखाने, क्लब व संस्थानिकांच्या हिरवळींवर वाढले. डेव्हिस चषकात भारत १९२१ पासून खेळत होता. १९३९ मध्ये गौस मोहंमद यांनी विम्बल्डनची उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि तिथे त्या वर्षीचा विजेता बॉबी रिग्ज याच्याकडून ते पराभूत झाले. स्वातंत्र्यानंतर सुमंत मिश्रा, दिलीप बोस आणि नरेश कुमार यांनी ही परंपरा पुढे नेली. या पिढीच्या पाठोपाठ आलेल्या कृष्णन यांनी राष्ट्रीय विजेतेपद आठ वेळा जिंकले.

त्यांचा खेळ त्या काळच्या यशस्वी खेळाच्या अगदी उलट होता. गवताच्या कोर्टवर चेंडू टप्पा पडल्यावर फारसा उसळत नाही, घसरत पुढे जातो. त्यामुळे जोरदार सर्व्हिस करायची, लगेच जाळीकडे धाव घ्यायची आणि परत आलेला चेंडू हवेतच मारून गुण संपवायचा, ही ऑस्ट्रेलियन पद्धत सगळीकडे रूढ झाली होती. कृष्णन यांची सर्व्हिस मऊ होती. प्रतिस्पर्ध्याला ती परतवणे अवघड नसे, अवघड असे ते त्यानंतरचे. टप्पा पडताच, चेंडू वर यायच्या आत, ते तो उचलून मारत. त्यामुळे जाळीकडे धावणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला नीट उभे राहायला वेळ मिळत नसे. चेंडू कधी त्याच्या पायाशी पडे, कधी कोर्टच्या कडेने तिरपा निसटून जाई, तर कधी डोक्यावरून उंच जाऊन मागच्या रेषेच्या आत उतरे. समोरच्याच्या फटक्याचा जोर वापरून चेंडूची दिशा बदलायची, हे त्यांचे मर्म होते. लाकडी रॅकेट आणि आतड्याच्या तारा यांच्या त्या जमान्यात अशा नाजूक हातांना मोल होते. आठवडाभर गुणामागून गुण असे झगडून मिळवायचे तर मात्र शरीराचा कस लागे, कारण सर्व्हिसवर फुकटचे गुण त्यांना फारसे मिळत नसत.

१९५९ हे वर्ष त्यांच्या कारकिर्दीला वळण देणारे ठरले. लंडनच्या क्वीन्स क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या नील फ्रेझरला ६-३, ६-० असे नमवले. त्याच वर्षी अमेरिकेत झालेल्या डेव्हिस चषकाच्या लढतीत भारत ऑस्ट्रेलियाकडून १-४ असा हरला, पण भारताचा तो एकमेव विजय कृष्णन यांचा होता आणि तोही रॉड लेव्हरवर मिळवलेला.

याच सुमारास जॅक क्रेमर यांनी त्यांना व्यावसायिक होण्याचे निमंत्रण दिले. क्रेमर हे स्वतः विम्बल्डनचे माजी विजेते. हौशी टेनिसमध्ये नाव झालेल्या खेळाडूंशी करार करून ते त्यांचा ताफा गावोगावी खेळवत. कृष्णन यांच्यापुढे त्यांनी तीन वर्षांसाठी १,५०,००० डॉलर ठेवले. त्या काळी ही रक्कम डोळे दिपवणारी होती. करारावर सही केली असती तर विम्बल्डन आणि डेव्हिस चषक दोन्हीला मुकावे लागले असते. कृष्णन यांनी नकार दिला. पुढच्या सात वर्षांत त्यांच्या नावावर जे काही लागले, ते सारे या नकारामुळे शक्य झाले.

१९६० च्या विम्बल्डनमध्ये कृष्णन यांना सातवे मानांकन होते. उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी चिलीच्या लुईस आयालाला हरवले. उपांत्य फेरीत मात्र नील फ्रेझरने आदल्या वर्षीचे उट्टे काढले आणि ६-३, ६-२, ६-२ असा विजय मिळवून पुढे विजेतेपदही घेतले. १९६१ मध्ये उपांत्यपूर्व फेरीत त्यांच्यासमोर रॉय एमर्सन होता. कारकिर्दीत ग्रँड स्लॅम एकेरीची एकूण बारा विजेतेपदे मिळवणारा हा खेळाडू वेग आणि दमसास यांसाठी प्रसिद्ध होता. कृष्णन यांनी त्याला ६-१, ६-४, ६-४ असे सरळ तीन सेटमध्ये हरवले. उपांत्य फेरीत लेव्हरने त्यांना ६-२, ८-६, ६-२ असे रोखले आणि तोही त्या वर्षीचा विजेता ठरला. दोन्ही वेळा कृष्णन यांना हरवणाऱ्यानेच विजेतेपदाचा चषक उचलला.

१९६१ च्या जागतिक क्रमवारीत ब्रिटिश टेनिस समीक्षक लान्स टिंगे यांनी त्यांना सहावे स्थान दिले. त्या काळी संगणकीय क्रमवारी नव्हती, जाणकार समीक्षकांची यादीच प्रमाण मानली जाई. १९६२ च्या विम्बल्डनमध्ये त्यांना चौथे मानांकन मिळाले. ते त्यांचे सर्वोच्च मानांकन. पण घोट्याच्या दुखापतीमुळे स्पर्धा अर्ध्यावर सोडावी लागली. त्यानंतर विम्बल्डनची उपांत्य फेरी त्यांना पुन्हा गाठता आली नाही.

एकेरीतील ही शिखरे बाजूला ठेवली, तरी कृष्णन यांचे सर्वांत मोठे काम डेव्हिस चषकातच आहे. १९७१ पर्यंत या स्पर्धेत आदल्या वर्षीचा विजेता देश थेट अंतिम लढत खेळे, तीही आपल्याच भूमीवर. बाकीच्या देशांना आधी आपापला विभाग जिंकावा लागे, मग इतर विभागांच्या विजेत्यांना हरवावे लागे, तेव्हा कुठे आव्हान देण्याचा हक्क मिळे. १९६२ मध्ये भारत या अखेरच्या पायरीवर मद्रासमध्ये मेक्सिकोकडून हरला, तर १९६३ मध्ये मुंबईत अमेरिकेकडून. दोन्ही वेळा एकही सामना हाती लागला नाही. १९६६ मध्ये कृष्णन यांच्या साथीला कलकत्त्याचे जयदीप मुखर्जी आणि प्रेमजित लाल होते. पश्चिम जर्मनीला मागे टाकून भारत पुन्हा त्याच पायरीवर उभा राहिला. समोर होता ब्राझील, ज्याने त्याच वर्षी अमेरिकेला धक्का दिला होता.

ही लढत कलकत्त्याच्या साउथ क्लबच्या हिरवळीवर झाली. दोन्ही देशांचे दोन-दोन विजय झाल्यावर सारे काही पाचव्या सामन्यावर, म्हणजे कृष्णन आणि डावखुरा टॉमस कॉक यांच्या झुंजीवर येऊन ठेपले. कृष्णन तेव्हा २९ वर्षांचे होते, कॉक जेमतेम एकवीस-बावीस वर्षांचा. पहिला सेट कॉकने ६-३ असा घेतला, दुसरा कृष्णन यांनी ६-४ असा. टायब्रेकची पद्धत तेव्हा आलेली नव्हती, त्यामुळे दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट चालूच राही. तिसरा सेट तसाच लांबत गेला आणि कॉकने तो १२-१० असा जिंकला. चौथ्या सेटमध्ये कॉक ५-२ असा पुढे गेला. आणखी एक गेम, आणि ब्राझील अंतिम फेरीत गेला असता. तिथून कृष्णन यांनी लागोपाठ पाच गेम जिंकून सेट ७-५ असा खेचून आणला. पाचव्या सेटमध्ये कॉकला सावरता आले नाही. तो सेट ६-२ असा भारताच्या नावावर लागला आणि डेव्हिस चषकाच्या अंतिम लढतीत भारत प्रथमच पोहोचला.

अंतिम लढत डिसेंबरच्या अखेरीस मेलबर्नमध्ये झाली. ऑस्ट्रेलियाकडे एमर्सन, फ्रेड स्टोल, जॉन न्यूकम आणि टोनी रोश असे खेळाडू होते. पहिल्या दिवशीचे दोन्ही एकेरी सामने भारताने गमावले. दुसऱ्या दिवशी दुहेरीत कृष्णन आणि मुखर्जी यांची गाठ न्यूकम आणि रोश यांच्याशी पडली. ही जोडी १९६५ ची विम्बल्डन विजेती होती. पहिला सेट गमावूनही भारतीय जोडीने ४-६, ७-५, ६-४, ६-४ असा विजय मिळवला. लढत भारताने १-४ अशी गमावली, तरी भारतीय टेनिसच्या इतिहासात या दुहेरी सामन्याला मानाचे स्थान आहे.

१९६८ मध्ये विम्बल्डनसह प्रमुख स्पर्धा हौशी आणि व्यावसायिक अशा सर्वांना खुल्या झाल्या. १९६२ नंतर व्यावसायिक झालेला लेव्हर परतला आणि पहिल्या खुल्या विम्बल्डनचा विजेता झाला. कृष्णन तोपर्यंत तिशी ओलांडून गेले होते, त्यामुळे बक्षिसाच्या पैशाचा नवा काळ त्यांच्या वाट्याला आलाच नाही. त्याचा लाभ विजय अमृतराज यांच्या पिढीला मिळाला. डेव्हिस चषकात मात्र कृष्णन १९७५ पर्यंत खेळले. या स्पर्धेत त्यांनी एकेरीचे ५० आणि दुहेरीचे १९ असे एकूण ६९ सामने जिंकले, तर २८ गमावले. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, त्या पहिल्याच वर्षी तो त्यांना मिळाला. १९६२ मध्ये पद्मश्री आणि १९६७ मध्ये पद्मभूषण देऊन सरकारने त्यांचा गौरव केला.

निवृत्तीनंतर ते चेन्नईत स्थायिक झाले. तिथे त्यांनी स्वयंपाकाच्या गॅसची एजन्सी चालवली. त्यांचे पुत्र रमेश यांनी १९७९ मध्ये विम्बल्डन आणि फ्रेंच या दोन्ही स्पर्धांत मुलांच्या एकेरीचे विजेतेपद मिळवले. वडिलांनंतर पंचवीस वर्षांनी मुलानेही विम्बल्डनच्या त्याच चषकावर नाव कोरले. रमेश व्यावसायिक म्हणून खेळले, जागतिक क्रमवारीत २३ व्या स्थानापर्यंत पोहोचले आणि ग्रँड स्लॅम एकेरीच्या उपांत्यपूर्व फेरीत तीनदा गेले. १९८७ मध्ये भारत पुन्हा डेव्हिस चषकाच्या अंतिम लढतीत पोहोचला, तेव्हा संघाला तिथवर नेणारा, सिडनीत यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्धचा निर्णायक विजय रमेश यांचाच होता. मऊ सर्व्हिस, चेंडू लवकर घेणे आणि जोरापेक्षा जागेवर भर हे वडिलांचे सारे विशेष त्यांच्या खेळातही उतरले होते. पुढे या पितापुत्रांनी चेन्नईत टेनिस प्रशिक्षण केंद्र सुरू केले आणि टी. के. रामनाथन यांच्यापासून चालत आलेले हे शिक्षण घराबाहेरच्या मुलांसाठीही खुले झाले.