सराव, स्पर्धा आणि जवळ बाळगणं: तिन्हींसाठी एकच पिस्तूल चालतं का?

रील्स स्क्रोल करताना हा फोटो तुम्हीही पाहिला असेल. लाकडी टेबलावर किल्ल्या, पाकीट, घड्याळ, टॉर्च आणि शेजारी एक काळं, आटोपशीर पिस्तूल. खाली हॅशटॅग असतो 'एव्हरीडे कॅरी', म्हणजे रोज सोबत बाळगायच्या वस्तू. कमेंट्समध्ये वाद रंगलेला असतो: रेंजवर सराव करायचा, स्पर्धेत उतरायचं आणि रोज कमरेलाही लावायचं, तर एकच पिस्तूल घ्यावं की तीन वेगवेगळी?

हा वाद मुळात अमेरिकेतला आहे. पण ते व्हिडिओ मराठी प्रेक्षकही पाहतात आणि अनेकांचे नातेवाईक तिकडे राहतात. त्यामुळे या प्रश्नामागचं गणित काय आणि तिकडचा सल्ला भारतात का लागू होत नाही, ते समजून घेऊया.

हा प्रश्न अमेरिकेतच का पडतो?

अमेरिकेच्या राज्यघटनेतली दुसरी दुरुस्ती शस्त्र बाळगण्याच्या हक्काबद्दल आहे. २००८ साली 'हेलर' खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवण्याचा व्यक्तीचा हक्क मान्य केला. २०२२ च्या 'ब्रुएन' निकालाने हा हक्क घराबाहेर बाळगण्यापर्यंत नेला. आज अर्ध्याहून अधिक राज्यांत पात्र प्रौढांना कपड्यांखाली लपवून पिस्तूल बाळगायला वेगळा परवाना लागत नाही.

तरीही नियम सगळीकडे सारखे नाहीत. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये १० पेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवर बंदी आहे. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालेलच असंही नाही.

पिस्तूल, गोळ्या, होल्स्टर, प्रशिक्षण या सगळ्याला पैसे लागतात. तीन पिस्तुलं घेण्यापेक्षा एकच घेऊन उरलेले पैसे सरावावर घालवावेत, हा विचार त्यातूनच येतो.

तीन कामं, तीन वेगळ्या मागण्या

खरी अडचण अशी की या तिन्ही कामांच्या गरजा एकमेकींच्या विरुद्ध जातात.

सरावासाठी पिस्तूल थोडं मोठं आणि जड असलेलं बरं. वजन जास्त असलं की गोळी सुटताना बसणारा धक्का कमी जाणवतो. मूठ लांब असली की सगळी बोटं नीट बसतात. एका बैठकीत शंभर-दोनशे गोळ्या झाडायच्या तर हा फरक मनगटाला लगेच कळतो.

स्पर्धेसाठी याहून पुढे जावं लागतं. लांब नळी असली की पुढची आणि मागची माशी यांतलं अंतर वाढतं आणि नेमातली चूक लवकर लक्षात येते. ट्रिगर हलका आणि स्वच्छ दबणारा हवा असतो.

बाळगायचं म्हटलं की सगळं उलटं होतं. पिस्तूल लहान, पातळ आणि हलकं हवं. दिवसभर गाडीत बसताना, वाकताना, जिना चढताना ते टोचता कामा नये आणि शर्टाखालून दिसताही कामा नये. ट्रिगर फार हलका असणं इथे धोक्याचं, कारण ताणाच्या क्षणी नकळत दाबलं गेलेलं बोट जिवावर बेतू शकतं.

थोडक्यात, जे पिस्तूल चालवायला सोपं ते लपवायला अवघड आणि जे लपवायला सोपं ते चालवायला अवघड.

मधला मार्ग: ग्लॉक १९ चं उदाहरण

या चर्चेत एक नाव हमखास येतं, ते म्हणजे ग्लॉक १९. ऑस्ट्रियाच्या ग्लॉक कंपनीचं ग्लॉक १७ हे पिस्तूल १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारलं. १९८८ मध्ये कंपनीने त्याचीच आखूड आवृत्ती आणली, ती ग्लॉक १९.

आकडे शेजारी ठेवले की 'मधला मार्ग' म्हणजे काय ते कळतं:

• ग्लॉक ३४: स्पर्धा डोळ्यांसमोर ठेवून केलेलं मॉडेल. नळी सुमारे १३५ मिमी, मॅगझिनमध्ये १७ गोळ्या.
• ग्लॉक १७: पूर्ण आकाराचं. नळी ११४ मिमी, १७ गोळ्या.
• ग्लॉक १९: मध्यम आकाराचं. नळी १०२ मिमी, १५ गोळ्या, रिकाम्या मॅगझिनसह वजन सुमारे ६७० ग्रॅम.
• सिग पी ३६५: २०१८ मध्ये आलेलं, खास लपवून बाळगण्यासाठीचं. नळी सुमारे ७९ मिमी, मूळ मॅगझिनमध्ये १० गोळ्या, वजन सुमारे ५०० ग्रॅम.

ग्लॉक १९ यातल्या कोणत्याच कामात पहिल्या नंबरचं नाही. पण तिन्ही कामं ते बऱ्यापैकी निभावतं. शिवाय होल्स्टर, सुटे भाग, मॅगझिन हे सगळं सहज मिळतं. स्मिथ अँड वेसनची एम अँड पी, सिगची पी ३२० किंवा चेक बनावटीच्या सीझेडची मध्यम आकाराची मॉडेल्सही याच गटात मोडतात. यातलं कोणतं चांगलं, हे बऱ्याचदा ज्याच्या त्याच्या हाताच्या मापावर ठरतं.

गोळी ९ मिमीचीच का?

१९०० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत जॉर्ज लुगर यांनी विकसित केलेलं ९ मिमी पॅराबेलम हे काडतूस आज या तिन्ही कामांसाठी सर्वाधिक सुचवलं जातं. पण मधल्या काळात ते मागे पडलं होतं.

एप्रिल १९८६ मध्ये मायामीत झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. त्यानंतर संस्थेने जास्त ताकदीच्या गोळीचा शोध सुरू केला. आधी १० मिमी आणि मग .४० एस अँड डब्ल्यू हे काडतूस वापरात आलं. पण २०१४ मध्ये एफबीआयच्याच प्रशिक्षण विभागाने पुन्हा ९ मिमीची बाजू घेतली. आधुनिक गोळ्यांमुळे परिणामातला फरक फारसा उरला नव्हता. उलट ९ मिमीचा धक्का कमी, मॅगझिनमध्ये गोळ्या जास्त आणि नेमबाजांचा नेमही अधिक अचूक लागत होता.

सामान्य ग्राहकासाठी आणखी एक कारण आहे, ते म्हणजे किंमत. ९ मिमीच्या गोळ्या मोठ्या बोअरच्या गोळ्यांपेक्षा स्वस्त पडतात. गोळी स्वस्त म्हणजे सराव जास्त.

असं पिस्तूल स्पर्धेत चालतं का?

चालतं, फक्त गट योग्य निवडावा लागतो. अमेरिकेत वेगवान, हालचालींच्या नेमबाजीच्या दोन मोठ्या संघटना आहेत. यूएसपीएसए १९८४ मध्ये सुरू झाली. आयडीपीए १९९६ मध्ये स्थापन झाली आणि तिचा भर रोज बाळगण्याजोग्या पिस्तुलांवर आहे. यूएसपीएसएमध्ये मिळवलेल्या गुणांना लागलेल्या वेळाने भागून निकाल काढतात. आयडीपीएमध्ये वेळ मोजतात आणि चुकांसाठी त्यात सेकंद वाढवतात.

दोन्हीकडे पिस्तुलांचे गट ठरलेले आहेत. कारखान्यातून आलेल्या साध्या पिस्तुलाला खास घडवलेल्या, महागड्या पिस्तुलाशी थेट लढावं लागू नये, हा त्यामागचा हेतू. लाल ठिपक्याचं ऑप्टिक लावलेल्या पिस्तुलांसाठीही वेगळे गट आहेत. त्यामुळे रोजचं पिस्तूल घेऊन नवखा माणूसही उतरू शकतो. वरच्या क्रमांकांसाठी मात्र बहुतेक जण पुढे स्पर्धेचं वेगळं पिस्तूल घेतात.

निवडताना काय तपासतात?

• हाताचं माप: मनगट न वळवता बोटाचं टोक ट्रिगरवर नीट पोचतं का? अनेक मॉडेल्समध्ये मुठीचा मागचा भाग बदलता येतो.
• भरवसा: नवं पिस्तूल बाळगण्याआधी काहीशे गोळ्या झाडून पाहतात. ज्या गोळ्या बाळगायच्या, त्याही त्यातून झाडून पाहतात.
• ट्रिगर: बाळगायच्या पिस्तुलाचा ट्रिगर स्पर्धेसाठी हलका करून घेणं टाळलेलं बरं.
• सुटे भाग: मॅगझिन, स्प्रिंग, होल्स्टर जवळपास आणि परवडेल अशा दरात मिळतं का?
• भाड्याने चाचणी: बऱ्याच रेंजवर पिस्तुलं भाड्याने मिळतात. विकत घेण्याआधी दोन-तीन मॉडेल्स चालवून पाहणं हा सगळ्यात स्वस्त सल्ला.

होल्स्टर कडक आणि ट्रिगरचा भाग पूर्ण झाकणारं असावं. पिस्तूल नुसतं खिशात किंवा पर्समध्ये टाकणं हे अपघाताला आमंत्रण आहे.

मॉडेलपेक्षा महत्त्वाचं काय?

आधुनिक पिस्तूल नेमबाजीचे जनक मानले जाणारे जेफ कूपर यांचे चार नियम जगभर शिकवले जातात. प्रत्येक शस्त्र भरलेलंच आहे असं समजा. ज्याला इजा करायची नाही त्याच्याकडे नळी वळवू नका. नेम लागेपर्यंत बोट ट्रिगरपासून दूर ठेवा. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, हे नीट ओळखा.

यात पाचवी गोष्ट जोडावी लागते, ती म्हणजे कुलूप. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. घरात मुलं असतील किंवा कुणी मानसिक ताणातून जात असेल, तर उशाच्या ड्रॉवरमधलं भरलेलं पिस्तूल हे संरक्षण राहत नाही, तोच धोका होतो. म्हणून पिस्तुलाच्या बजेटमध्ये तिजोरीचा खर्च पहिल्याच दिवशी धरावा लागतो.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी हे वाचाच

एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना हा नियम बऱ्याचदा माहीत नसतो. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा गोळ्या बाळगता येत नाहीत. वैध शिकार परवाना असणं यांसारखे काही मोजके अपवाद आहेत. मित्रांसोबत रेंजवर जाऊन भाड्याचं पिस्तूल हातात घेणं हेसुद्धा 'बाळगणं' ठरू शकतं. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही.

मित्राच्या नावावर खरेदी करणं हा तर स्वतंत्र गुन्हा आहे. खरा खरेदीदार कोण, हे दुकानातल्या फॉर्मवर लिहून द्यावं लागतं. खोटं लिहिलं तर शिक्षा होऊ शकते आणि व्हिसाही धोक्यात येतो.

मग भारतात काय?

इथे गणितच वेगळं आहे. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांनुसार परवान्याशिवाय पिस्तूल बाळगणं हा गुन्हा आहे. परवाना हा हक्क नाही. आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त आणि इतरत्र जिल्हाधिकारी अर्जाची छाननी करतात. पोलीस पडताळणी होते, गरज पटवून द्यावी लागते आणि शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं दाखवावं लागतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अमेरिकेतलं ते 'सर्वगुणसंपन्न' ९ मिमी पिस्तूल भारतात प्रतिबंधित बोअरमध्ये येतं. सामान्य परवानाधारकाला ते मिळत नाही. त्याच्या वाट्याला येतं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. कानपूरच्या आयुध कारखान्याने २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून आणलेलं 'निर्भीक' हे .३२ चंच रिव्हॉल्व्हर.

२०१९ च्या दुरुस्तीने नियम आणखी कडक झाले. एका व्यक्तीकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. प्रतिबंधित शस्त्र बेकायदा बाळगल्यास ७ ते १४ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. निवडणुकीच्या काळात परवाना असलेली शस्त्रंही सहसा पोलिसांकडे जमा करावी लागतात.

स्पर्धेचं पिस्तूल तर पूर्ण वेगळी वस्तू आहे. १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात ४.५ मिमीचा छर्रा असतो, पिस्तुलाचं वजन १,५०० ग्रॅमपर्यंत चालतं आणि ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा लागतो. २५ मीटर पिस्तूल प्रकारात .२२ बोअरची गोळी आणि किमान १,००० ग्रॅमचा ट्रिगर असतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत याच २५ मीटर प्रकारात सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. हाताच्या मापाने घडवलेली मूठ असलेली ती पिस्तुलं कमरेला लावण्यासाठी नसतातच.

ज्यांना नेमबाजीची हौस आहे, त्यांच्यासाठी रस्ता इथूनच जातो: जवळचा रायफल क्लब, प्रशिक्षक आणि एअर पिस्तूल. ठरावीक शक्तीपर्यंतच्या ४.५ मिमी एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. सुरुवातीचे काही महिने क्लबचंच पिस्तूल वापरता येतं.

मग उत्तर काय?

अमेरिकेत, कायद्याने पात्र असलेल्या माणसासाठी: होय, मध्यम आकाराचं ९ मिमी पिस्तूल तिन्ही कामं निभावतं. अट एवढीच की वाचलेले पैसे सराव, चांगलं होल्स्टर आणि तिजोरी यांवर खर्च व्हावेत.

भारतात मात्र 'तिन्हींसाठी एकच' हा पर्यायच नाही. इथे स्पर्धेचं पिस्तूल वेगळं, परवान्याचं शस्त्र वेगळं आणि दोन्हींचे नियमही वेगळे. त्यामुळे टेबलावरच्या त्या फोटोखाली 'कुठे मिळेल?' अशी कमेंट टाकण्याआधी फोटो कुठल्या देशातला आहे ते पाहिलेलं बरं. तिकडे जी रोजची वस्तू आहे, तीच इकडे विनापरवाना सापडली तर किमान सात वर्षं तुरुंगात घालवावी लागू शकतात.