'सार्वत्रिक सेवा' : एका संज्ञेचा अर्थप्रवास

अल्प उत्पन्नाच्या कुटुंबास दूरध्वनी सवलतीच्या दराने मिळावा, या अमेरिकेतील धोरणाचे मूळ शोधताना अभ्यासक बहुधा 'सार्वत्रिक सेवा' या संज्ञेपाशी येऊन थांबतात व तिचे श्रेय थिओडोर व्हेल यांस देतात. संज्ञा व्हेल यांनी रूढ केली हे खरे. परंतु आज तिला जो अर्थ आहे तो त्यांच्या ध्यानीमनीही नव्हता.

बेल यांच्या मूळ पेटंटांची मुदत १८९३ व १८९४ मध्ये संपली आणि गावोगावी स्वतंत्र दूरध्वनी कंपन्या निघाल्या. त्यांच्या तारा बेल-समूहाच्या तारांस जोडलेल्या नसत. साहजिकच सर्व गिऱ्हाइकांशी बोलू इच्छिणाऱ्या दुकानदारास दोन यंत्रे ठेवून दोन वर्गण्या भराव्या लागत. १९०७ पासून एटी अँड टी कंपनीच्या वार्षिक प्रतिवृत्तांतून व्हेल यांनी 'सार्वत्रिक सेवे'चा पुरस्कार केला तो या दुहेरी व्यवस्थेविरुद्ध. कोणत्याही यंत्रावरून कोणत्याही यंत्राशी बोलता यावे व त्यासाठी व्यवस्था एकच असावी. अर्थात ती आपली! हे मक्तेदारीचे समर्थन होते, गरिबाच्या घराचा त्यात प्रश्नच नव्हता. मिल्टन म्यूलर यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात याचे साधार विवेचन केले आहे. १९३४ च्या दळणवळण कायद्यातही सर्व लोकांस शक्यतो वाजवी दराने सेवा मिळावी असा हेतू आहे, ही संज्ञा मात्र नाही.

अर्थ पालटला तो मक्तेदारी मोडताना. लांब पल्ल्याच्या चढ्या दरांतून स्थानिक दर कमी राखण्याची रीत होती. १ जानेवारी १९८४ रोजी कंपनीचे विभाजन झाल्यावर ती टिकेना, आणि प्रत्येक जोडणीवर मासिक आकार बसविण्यात आला. त्यामुळे गरीब घरे दूरध्वनी सोडून देतील अशा धास्तीने १९८५ मध्ये 'लाइफलाइन' सवलत सुरू झाली. हा शब्द कॅलिफोर्नियाने १९७५ मध्येच विजेच्या व इंधनवायूच्या किमान वापराच्या दरासाठी कायद्यात योजला होता. लाइफलाइन म्हणजे बुडत्यास फेकावयाचा दोर. मुंबईच्या उपनगरी गाडीस आपली वृत्तपत्रे 'जीवनवाहिनी' म्हणतात तेव्हा हा दोर नाहीसा होतो व उरते ती सर्वांसाठी वाहणारी वाहिनी. 'सार्वत्रिक' या विशेषणात सर्व येतात. दोर मात्र बुडणाऱ्यासच फेकावयाचा. १९९६ च्या कायद्याच्या २५४ व्या कलमाने हा दोर सार्वत्रिक सेवेस बांधला. अल्प उत्पन्नाच्या ग्राहकांचा तेथे स्पष्ट उल्लेख आहे, सेवेची पातळी कालानुरूप बदलती मानली आहे आणि खर्चासाठी कंपन्यांवर अंशदान बसविले आहे.

या बांधणीचे महत्त्व पुढे दिसून आले. २००५ मध्ये भ्रमणध्वनीच्या पूर्वप्रदत्त सेवेस लाइफलाइनची वाट मोकळी झाली, २००८ मध्ये ती प्रत्यक्षात आली. २०१२ च्या निवडणुकीत विरोधकांनी तिला 'ओबामाफोन' म्हणून हिणविले. वस्तुतः सवलत रेगन यांच्या कारकिर्दीतील व तिचा हा विस्तार बुश यांच्या. हक्कास व्यक्तीचे नाव चिकटले की तो दान भासू लागतो. तरीही सवलत टिकली. २०१२ मध्ये तिची रक्कम दरमहा ९.२५ डॉलर ठरली, २०१६ मध्ये ब्रॉडबँड तिच्या कक्षेत आले, आणि २७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी मूळ निधी वैध ठरविला.

याउलट २०२१ च्या कायद्याने निर्माण झालेला 'अफोर्डेबल कनेक्टिव्हिटी प्रोग्रॅम'. त्यात दरमहा ३० डॉलरपर्यंत, म्हणजे लाइफलाइनच्या तिपटीहून अधिक सवलत होती. सुमारे २ कोटी ३० लाख कुटुंबे तीत दाखल झाली. परंतु ती २५४ व्या कलमाखालील 'सेवा' नव्हती, १४.२ अब्ज डॉलरच्या तरतुदीवर चालणारा 'कार्यक्रम' होता. तरतूद सरली, काँग्रेसने नवी केली नाही, आणि १ जून २०२४ रोजी तो संपला. या कुटुंबांचे देयक वाढले ते त्यांची गरज घटली म्हणून नव्हे.

हीच संज्ञा भारतात १९९९ च्या दूरसंचार धोरणाबरोबर रुजली. निधी १ एप्रिल २००२ पासून अस्तित्वात आला व २००३ च्या दुरुस्ती कायद्याने त्यास वैधानिक आधार मिळाला. येथे मात्र संज्ञेचा विषय घर नसून प्रदेश होता. ग्रामीण व दुर्गम भागांत सेवा पोहोचविणे एवढेच तिच्या व्याख्येत बसे, त्यामुळे सोलापूरच्या किंवा धारावीच्या वस्तीतील निर्धन कुटुंब तिच्या बाहेर राही. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने या निधीस 'डिजिटल भारत निधी' असे नाव दिले, आणि अपुरी सेवा असलेल्या भागांच्या वर्णनात 'ग्रामीण' व 'दुर्गम' यांच्या जोडीला 'शहरी' हा शब्द घातला. घटक मात्र अद्याप भागच आहे. कुटुंब हा शब्द त्या व्याख्येत आलेला नाही.