वर्धातीरींची कोलामी भाषा

वडनेर हें हिंगणघाट तालुक्यांतील गांव नागपूर-हैदराबाद रस्त्यावर आहे. तेथून दक्षिणेस वर्धा नदी उतरली कीं यवतमाळ जिल्हा लागतो व राळेगांव, केळापूर या बाजूस कोलामांचे पोड भेटूं लागतात. दप्तरें शोधीत हिंडणाऱ्या संग्राहकास या पोडांत एकहि जुना रुमाल मिळावयाचा नाहीं. कोलामीस स्वतःची लिपि नाहीं. परंतु कागद नाहीं म्हणून पुरावा नाहीं, हें अनुमान आम्हांस मान्य नाहीं.

कोलामी म्हणजे बिघडलेली गोंडी, असा समज सर्वत्र आढळतो. (नांवाच्या साम्यावरून कोणी कोळ्यांशीं, कोणी छोटा नागपुराकडील कोलांशीं नातें जोडतात, तेंहि निराधार होय.) समज होण्यास कारण आहे. दोन्ही जमाती पिढ्यान् पिढ्या शेजारीं राहिल्या. आदिलाबादेकडे तर स्थानिक दैवतांची पूजा कोलामांकडे असल्यामुळें गोंड त्यांस 'पुजारी' म्हणतात. शिवाय डोळ्यास 'कन' व दातास 'पल' हे शब्द दोहोंत सारखेच. पण हेच शब्द तामिळींतहि आहेत. त्यांवरून द्राविडी कुळ सिद्ध होतें, गोंडीपासून उत्पत्ति नव्हे. घरास गोंडींत 'रोन', कोलामींत 'एल्ला', आणि तेलुगूंत 'इल्लु'. एकास गोंड 'उंदी' म्हणतो, कोलाम 'ओक्कोद'. आज भाषाशास्त्रज्ञ कोलामीस चंद्रपुराकडील नायकी व बस्तरांतील परजी यांच्या शाखेंत घालतात. गोंडी निराळ्या शाखेंत पडते.

या भाषेचे शब्द प्रथम टिपणाऱ्यांत नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप येतात. टाकळघाटचीं शिलावर्तुळें पाहून परततांना १८६३ त ते ओढ्यांत बुडाले. त्यांचीं टिपणें रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ त छापविलीं. पुढें १९०६ त ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीच्या चौथ्या खंडांत स्टेन कोनो यांनीं कोलामीस स्वतंत्र स्थान दिलें. एमेनो यांनीं वर्धा जिल्ह्यांतील बोली टिपून १९५५ त ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यापूर्वींच, १९५० त, आदिलाबादच्या बोलीचें व्याकरण हैदराबादेस निघालें होतें. त्याचे कर्ते सेतुमाधवराव पगडी. त्यांचीं फार्सी साधनांचीं भाषांतरें आमच्या वाचकांच्या कपाटांत असतीलच. हें व्याकरण मात्र तेथें क्वचितच दिसावें, ही खेदाची गोष्ट होय.

२०११ च्या खानेसुमारींत कोलामी भाषकांची संख्या १,२८,४५१ आहे. एमेनोंचा वर्ध्याचा नमुना १९३० नंतरच्या दशकांतला. वडनेरच्या आसपास कोणा संग्राहकाचें जाणें झाल्यास पोडांतील वृद्धांकडून शिवारांचीं व देवतांचीं नांवें, उच्चार जसा ऐकूं येईल तसा, तारखेसह व पोडाच्या नांवासह उतरून घ्यावा. तो एमेनोंच्या शब्दांशीं ताडून पाहतां येईल.